पंचविसावं वासरू

सहदेव घाडीला ही नोकरी मिळाली ती त्याला मोजता येत होतं म्हणून.

“मोजता येतं का?” डॉक्टर वनमाला केरकरांनी मुलाखतीत विचारलं. मुलाखत नाहूरच्या एका गोठ्याच्या दारात, उभ्या उभ्या चालली होती.

“काय मोजायचं?”

“वासरू पाच मिनिटांत किती वेळा मान झटकतं, ते.”

सहदेवने विचार केला. “मधेच कोणी बोलायला आलं तर?”

“तर बोलायचं नाही.”

“मग येईल,” तो म्हणाला.

१९८४ सालचा नोव्हेंबर होता. सहदेवने एका गिरणीच्या साचेखात्यात चौदा वर्षं काढली होती. चार साचे, म्हणजे माग, एकदम सांभाळायचा. त्या धडधडाटात कुठल्या साच्यावर तार तुटली हे त्याला मान न वळवता कळायचं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद झाली ती त्याच्यापुरती पुन्हा उघडलीच नाही. लालबागची खोली भावाला सोडून तो बायकोला, सुगंधाला घेऊन भांडुपच्या टेकडीवर राहायला आला आणि दोन वर्षं मिळेल ते करत राहिला. वॉचमन झाला, प्लंबरच्या हाताखाली राहिला, एका लग्नाच्या हॉलवर खुर्च्या लावल्या. शेजारचा अनंता मुलुंडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होता. तो म्हणाला, “आमच्या डॉक्टरबाईंना नजरेचा माणूस पाहिजे. काम बसून आहे.” बसून काम म्हटल्यावर सुगंधाला संशय आला. सहदेव मात्र दुसऱ्याच दिवशी गेला.

कंपनी लहान होती आणि फक्त जनावरांची औषधं करायची. तिच्या संशोधन विभागात एक टेबल, एक फ्रिज आणि डॉक्टर केरकर एवढेच होते. फ्रिजमध्ये निम्म्या जागेत लशी आणि निम्म्या जागेत ऑफिसातल्या लोकांचं दही असायचं. डॉक्टरबाई तिशीच्या, जाड चष्म्याच्या, गुरांच्या डॉक्टर. गोठ्यात त्या गमबूट घालून यायच्या आणि गमबुटातच जेवायच्या.

प्रयोग असा होता. नाहूरच्या त्या गोठ्यात सत्तर संकरित गाई होत्या. दाटीवाटीने बांधलेल्या गाईंना शिंगं असली तर त्या एकमेकींना मारतात, म्हणून वासरू दोन-तीन आठवड्यांचं झालं की त्याच्या शिंगांचे कोंब तापलेल्या लोखंडाने डागून टाकायचे. मग शिंगं येत नाहीत. जखमा मात्र येतात, त्यांवर माशा बसतात, कधी किडे पडतात. या जखमांसाठी कंपनीला नवं मलम काढायचं होतं. तीन मलमं होती, लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या झाकणाच्या डब्यांत. चोवीस वासरं, प्रत्येक मलमाला आठ. कुठल्या डब्यात काय आहे ते सहदेवला माहीत नव्हतं, डॉक्टरबाईंनाही नव्हतं. ते एका पाकिटात बंद करून कंपनीचे मालक हरेश्वर पाठारे यांच्या कपाटात ठेवलं होतं.

जखम किती दिवसांत भरते हे बघायचं, एवढंच कंपनीने सांगितलं होतं. वासराला किती दुखतं, हा प्रश्न डॉक्टरबाईंनी स्वतःच्या मनाने जोडला होता. त्यासाठी त्यांनी वेगळं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कोणी हरकत घेतली नव्हती.

“मान झटकणं, कान फडफडवणं, डोकं खांबाला घासणं,” त्यांनी सहदेवला फॉर्म समजावून सांगितला. “डागल्यावर दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी. दर वेळी पाच मिनिटं मोजायचं. वासराच्या समोर बसायचं नाही, बाजूला बसायचं. त्याला हात लावायचा नाही. त्याच्याशी बोलायचं नाही.”

“गोंजारायचं?”

“ते हात लावण्यातच येतं.”

त्यांनी त्याला एक स्टॉपवॉच दिलं आणि एक लोखंडी स्टूल दिलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली सहदेवने पुठ्ठा घातला आणि कामाला सुरुवात केली.

डागायचं काम धाकूकडे होतं. धाकू तिथल्याच गावातला, खाडीवर मासे मारणाऱ्या घरातला. पण होडीपेक्षा गोठा बरा म्हणून वीस वर्षं इथेच होता. साठीला आलेला, सडपातळ, बोलायला तिखट. तो डागणी शेगडीत लाल होईपर्यंत ठेवायचा, गुडघ्याने वासराची मान दाबायचा आणि दोन्ही कोंब मनात वीस मोजेपर्यंत संपवायचा. वासरू एकदाच ओरडायचं, पण ते ओरडणं पलीकडच्या कारखान्यात ऐकू जायचं.

पहिल्या दिवशी सहदेवच्या हातातलं पेन खाली पडलं.

“घाबरलास का रं?” धाकू म्हणाला. “त्याला काय कलतंय! आत्ता आईचा दूध पितंय का नाय बघ.”

वासरू खरंच दूध प्यायलं. सहदेवने तेही लिहिलं. मग ते मान झटकत उभं राहिलं. सहदेव स्टुलावर बसून पाच-पाचच्या जुड्या बांधत रेघोट्या ओढत राहिला. त्या वासराला लाल डब्यातलं मलम लावलं होतं. अर्ध्या तासानंतरच्या पाच मिनिटांत त्याने एकतीस वेळा मान झटकली.

आठवड्याला चार वासरं व्हायची. दुसऱ्या आठवड्यात सहदेवची नजर बसली आणि मग ती घरीही उठेना. एकदा जेवताना तो सुगंधाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तू आत्ता चार वेळा पदर सारखा केलास.”

सुगंधाने हातातला डाव खाली ठेवला. “वासरांचा काय ता मोजा. माझा काय एक मोजूचा नाय, सांगान ठेवतंय.”

तेव्हापासून तो जेवताना ताटाकडे बघू लागला.

सोळा वासरं झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळे फॉर्म टेबलावर पसरले. पिवळ्या डब्याची वासरं दहा-पंधरा मिनिटांनी शांत होत होती. अर्ध्या तासानंतर त्यांची मान सहा-सात वेळा हलायची, बस. पांढऱ्याची चौदा-पंधरा वेळा. लालची तीसच्या खाली आलीच नव्हती. ती वासरं खांबाला डोकं घासायची, बसायची, उठायची, पुन्हा बसायची, आणि हे दोन-दोन तास चालायचं.

जखमा बघितल्या तर उलटंच. लालच्या जखमा पाचव्या दिवशी कोरड्या, स्वच्छ. एक माशी बसायला तयार नव्हती. पिवळ्याच्या जखमा ओलसर राहायच्या आणि दोन वासरांच्या चिघळल्या. पांढऱ्याला तर काहीच अर्थ नव्हता.

त्याच आठवड्यात शरच्चंद्र सामंत गोठ्यावर आले. ते कंपनीच्या विक्री खात्याचे प्रमुख, इस्त्रीची पँट, हातात ब्रीफकेस. शेण चुकवत चुकवत ते प्रत्येक वासरापाशी गेले, जखमा पाहिल्या आणि लाल डबा हातात घेतला.

“झकास! हेच काढायचं, मॅडम.”

“त्याने जबरदस्त आग होते,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“कोणी सांगितलं?”

डॉक्टरबाईंनी फॉर्म पुढे केले. सामंतांनी ते उलटे धरून सुलटे केले आणि रेघोट्यांवरून बोट फिरवलं.

“हे काय आहे?”

“मान झटकण्याची नोंद.”

“आणि मान झटकणं म्हणजे दुखणं, हे कोणी ठरवलं? माशी बसली असेल. कानात गोचीड असेल. सवय असेल. माझा मेहुणा दिवसभर मान झटकतो, त्याला काही झालेलं नाही.” त्यांनी सहदेवकडे पाहिलं. “आणि मोजलं कोणी? यांनी? तुम्ही आधी कुठे होता?”

“साचेखात्यात,” सहदेव म्हणाला.

“बघा,” सामंत म्हणाले. काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. “पंधरा तारखेला साहेबांबरोबर मीटिंग आहे. तिथे मला सिद्ध करून दाखवा की वासराला दुखतं. दाखवलंत तर माझी काही हरकत नाही. नाहीतर लाल.”

ते गेल्यावर डॉक्टरबाई चाऱ्याच्या पोत्यावर बसल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला आणि बराच वेळ परत घातलाच नाही.

“आधी सुई देऊन ती जागा बधिर करावी, मग डागावं, असं पुस्तकात चक्क लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “इथे सुईला कोणाला वेळ नाही, म्हणून निदान मलम तरी थंडाव्याचं काढू म्हटलं. सामंत बोलतात ते उद्धटपणे, पण प्रश्न चूक नाही. मला कळतंय की त्याला दुखतंय. तुम्हालाही कळतंय. पण कळणं कागदावर कसं आणायचं? त्याला विचारता आलं असतं तर गोष्ट वेगळी.”

सहदेवने घड्याळात पाहिलं. चार तासांची नोंद राहिली होती. तो स्टुलावर जाऊन बसला.

पुढच्या गुरुवारी वीस नंबरचं वासरू होतं. अंगाने दांडगं होतं. धाकूच्या गुडघ्याखालून त्याची मान निसटत होती, म्हणून धाकूने हाक मारली, “अरं सहदेव, धर जरा डोका!” हात लावायचा नाही हा नियम डागून झाल्यानंतरचा आहे, असा सहदेवने मनाशी अर्थ लावला आणि डोकं धरलं. दोन्ही कोंब डागून धाकूने डागणी उचलायला आणि वासराने हिसका द्यायला एकच गाठ पडली. डागणी सहदेवच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, चार बोटं लांब घासत गेली.

सहदेव ओरडला. पलीकडच्या कारखान्यातला एकजण भिंतीवरून डोकावला आणि या वेळी वासरू नाही हे बघून परत गेला.

“वाट लागली!” धाकू म्हणाला. त्याने डागणी टाकली, सहदेवला नळाशी नेऊन हात पाण्याखाली धरला, मग समोर जो डबा होता तो उघडला आणि हाताला सपासप मलम चोपडलं. डबा लाल होता.

त्यानंतर जे झालं ते धाकू पुढे बरीच वर्षं गावात सांगत असे. सहदेवचा हात आपोआप झटकला जाऊ लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंडाने “आयाई आयाई” चाललं होतं, आणि त्या अवस्थेत हा माणूस स्टुलावर जाऊन बसला, उजव्या हाताने त्याने स्टॉपवॉच सुरू केलं आणि मोजायला लागला.

“डाक्टरकडं चल रं!” धाकू ओरडला.

“मधे बोलू नको,” सहदेव म्हणाला. “सात. आठ.”

पाच मिनिटांत तेवीस झाले. मग त्याने हात नळाखाली धरून मलम धुऊन काढलं आणि अर्धा तास नुसता बसून राहिला. तेवढ्यात वीस नंबरच्या वासराची अर्ध्या तासाची नोंद आली, तीही त्याने केली. मग पांढरं लावलं, पाच मिनिटं मोजलं, धुतलं, पुन्हा अर्धा तास बसला. मग पिवळं. शेवटी त्याने बॉलपेनने भाजल्या जागेच्या कडेला दोन खुणा केल्या आणि जखमेचे तीन भाग पाडले.

“हापूस कापतोस का काय?” धाकू म्हणाला. पण तीनही डबे त्यानेच धरले, आणि कुठल्या भागाला कुठलं मलम लागलं ते सहदेवने सांगितल्यावर दोनदा मोठ्याने म्हणून दाखवलं.

दुपारी डॉक्टरबाई आल्या. हात बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सहदेवला रिक्षात घातलं आणि भांडुपला एका माणसांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने जखम पाहिली, बॉलपेनच्या खुणा पाहिल्या, तीन भागांवरची तीन मलमं पाहिली आणि हे कोणी केलं असं विचारलं.

“मी,” सहदेव म्हणाला.

“आणि या?”

“त्या गुरांच्या डॉक्टर.”

डॉक्टरने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि आणखी काही विचारलं नाही.

रिक्षातून परतताना डॉक्टरबाई ओरडल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा ओरडल्या. जनावरांचं औषध माणसाला लावणं गुन्हा आहे, कंपनीला कळलं तर दोघांनाही काढतील, जखम चिघळली असती तर, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही हे सगळं चूक आहे, एका मलमाचा असर धुऊन जात नाही, तो पुढच्या मोजणीत येतो.

“म्हणून अर्धा तास थांबलो,” सहदेव म्हणाला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “अर्धा तास पुरत नाही.”

“पुढल्या वेळी तास थांबतो.”

“पुढची वेळ येणार नाही!” त्या म्हणाल्या. मग सोनापूरच्या सिग्नलला रिक्षा उभी असताना त्यांनी बाहेर बघत विचारलं, “किती आले?”

सहदेवने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढून दिला.

घरी सुगंधाने बँडेज बघितलं. “ह्या काय करून घेतल्यात?” सहदेवने सगळं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं, मग म्हणाली, “बसान काम होता मा?” आणि त्या रात्री त्याला भात कालवून दिला. उजवा हात धड होता हे दोघांपैकी कोणीच काढलं नाही.

सहदेव दुसऱ्या दिवशीही कामावर गेला. मलम रोज लावायचं असल्यामुळे जखमेच्या तिसऱ्या भागाला पुन्हा लाल लावणं भाग होतं. त्याचा धीर होईना. डबा उघडून तो बराच वेळ बसला. मग त्याने आधी पिवळ्याचं बोट त्या भागावर फिरवलं, दहा मिनिटं वाट पाहिली आणि वरून लाल लावलं. हात तीनदा झटकला गेला. त्याने तेही लिहिलं.

पंधरा तारखेला मीटिंग झाली. हरेश्वर पाठारे सत्तरीचे होते. कंपनी त्यांनी स्वतः एका गॅरेजात सुरू केली होती आणि अजूनही प्रत्येक मलमाचा वास स्वतः घेऊन बघत. टेबलाच्या एका बाजूला सामंत बसले, दुसऱ्या बाजूला डॉक्टरबाई. सहदेवला दाराशी खुर्ची दिली होती.

डॉक्टरबाईंनी चोवीस वासरांचे आकडे वाचले. सामंतांनी माशी, गोचीड आणि मेहुणा हे मुद्दे पुन्हा मांडले. पाठारेसाहेब फॉर्म एकेक करून उलटत होते. शेवटच्या फॉर्मवर थांबले.

“वासरं चोवीस म्हणालात ना? हा पंचवीस नंबर कोण?”

डॉक्टरबाई काही बोलायच्या आत त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “जात, कोकणी. लिंग, नर. वय, एक्केचाळीस वर्षं.” ते थांबले. चष्मा वर सरकवून त्यांनी पुन्हा वाचलं. “एक्केचाळीस वर्षं. वजन पंचावन्न किलो, कंसात, भांडुप स्टेशनचा काटा. आईचा बिल्ला नंबर...” त्यांनी वर पाहिलं. “आई वारली?”

“होय साहेब,” सहदेव दारातून उठून म्हणाला. “रकाना रिकामा ठेवायचा नाही असं बाईंनी सांगितलं होतं.”

“शिंगं नाहीत, असं लिहिलंय.”

“नाहीत साहेब.”

सामंत हसले. पाठारेसाहेब हसले नाहीत. ते पुढे वाचत गेले, आता मनातल्या मनात. फॉर्मच्या तळाशी शेऱ्यासाठी चार ओळी होत्या. सहदेवने त्या भरून मागच्या बाजूलाही लिहिलं होतं. ते साहेबांनी मोठ्याने वाचलं.

“लाल. हात तेवीस वेळा झटकला. झटकायचा नव्हता. मी उजव्या हाताने धरून बघितला तरी झटकला जातो. माशी नव्हती. डागणी लागली तेव्हा जसं झालं तसं पुन्हा पुन्हा होतं, कमी होत नाही. बसवत नाही, उठलं तर उभं राहवत नाही. खांबाला हात घासावासा वाटला, घासला नाही. पांढरं. नऊ वेळा. नुसतं भाजल्यासारखं. पिवळं. पहिल्या पाच मिनिटांत अकरा, दहा मिनिटांनंतर दोन. हात आपला नाही असं वाटतं, ते बरं वाटतं. चहा अर्धा कप घेतला.”

बाहेर पॅकिंग खात्यात बाटल्या वाजत होत्या.

“एका केसवरून काही सिद्ध होत नाही, साहेब,” सामंत म्हणाले. पण हळू म्हणाले.

“एका केसवरून नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “चोवीसांनी एकच गोष्ट केली आहे. ती काय केली, हे पंचविसाव्याने सांगितलं.”

“हात दाखवा,” पाठारेसाहेब म्हणाले.

सहदेवने बाही वर केली. साहेबांनी भिंग मागवलं. लालचा भाग कोरडा झाला होता, कडेने नवी कातडी धरत होती. पिवळ्याचा भाग ओला होता. पांढऱ्याचा सगळ्यात वाईट. साहेब बराच वेळ बघत राहिले, आणि सामंतांनाही जवळ बोलावून बघायला लावलं.

“हे अवघड आहे,” ते शेवटी म्हणाले. “जे झोंबतं तेच बरं करतं.”

“साहेब, मागच्या पानावर शेवटची ओळ आहे,” सहदेव म्हणाला.

साहेबांनी पान उलटलं. “आधी पिवळं, दहा मिनिटांनी त्यावर लाल. तीन वेळा.” त्यांनी मान वर केली. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. लाल लावायची भीती वाटली.”

मग पाकीट फोडलं. लाल म्हणजे कंपनीचं नवं, जहाल जंतुनाशक. पिवळं म्हणजे सौम्य जंतुनाशक आणि बधिर करणारं औषध. पांढऱ्यात नुसतं मलमाचं मेण होतं, औषध काहीच नव्हतं. सहदेवला त्या आठ वासरांचं वाईट वाटलं.

दोन डबे एकदम कोण घेणार, गोठेवाला दहा मिनिटं का थांबणार, असं सामंत बराच वेळ म्हणत राहिले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, आणखी बारा वासरांवर करून बघा. डॉक्टरबाई म्हणाल्या, करायचं तर डागण्याआधी बधिर करायची सुईसुद्धा द्या. साहेब म्हणाले, द्या. डॉक्टरबाई पुढचा मुद्दा मांडायला तोंड उघडून बसल्या होत्या. तो मांडायची गरज नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

शिवाय साहेबांनी सांगितलं की घाडींना कायम करा, आणि यापुढे यांनी स्वतःवर काही लावलं तर ताबडतोब काढून टाका.

बारा वासरांचा प्रयोग जानेवारीत सुरू झाला. सुई द्यायला धाकू पहिल्यांदा तयार नव्हता. वासराच्या डोळ्यामागच्या हाडाशी सुई टोचून पाच-सात मिनिटं थांबायचं, हे त्याला जमेना. डागणी थंड होते म्हणून तो कुरकुरायचा. पहिल्या वासराला डॉक्टरबाईंनी सुई दिली. धाकूने गुडघ्याने मान दाबली, डागणी टेकवली आणि ओरडण्याची वाट बघत तोंड वाकडं करून उभा राहिला. वासरू ओरडलं नाही. त्याने कान हलवला. धाकूने डागणी उचलून बघितली, गरम आहे ना म्हणून. मग दुसरा कोंब डागला. तेव्हाही वासरू ओरडलं नाही.

“मेलं का काय?” धाकूने विचारलं.

वासराने त्याचा हात चाटला.

धाकू बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. बऱ्याच वेळाने सहदेव तिथे गेला तर तो म्हणाला, “वीस वर्सं झाली रं. किती झाली असतील?” सहदेवने हिशोब करून आकडा सांगायला तोंड उघडलं आणि सांगितला नाही. मोजलेलं न सांगण्याची ती त्याची पहिलीच वेळ होती.

धाकूच्या शब्दांत सांगायचं तर, गोठ्यात त्यानंतर सुईवाचून डागणी पेटली नाही. एकदा गोठ्याच्या मालकाचा मुकादम घाई करायला आला, तेव्हा धाकूने त्याला हातातलं लोखंड दाखवलं आणि आधी तुझ्यावर बिनसुईचं करून बघू म्हणाला. मुकादम गेला.

कंपनीने शहाऐंशी साली दोन डब्यांची जोडी बाजारात आणली. सामंत म्हणाले होते तशी ती फारशी खपली नाही. गोठेवाले लाल डबा विचारत आणि पिवळा परत देत. मग साहेबांनी लाल सुटा द्यायचाच नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांनी दोन्ही घेणं बंद केलं. शेवटी दोन-चार मोठ्या गोठ्यांनी आणि एका सरकारी फार्मने धरून ठेवलं, तेवढ्यावर ते चालू राहिलं. फार्मची माणसं नाहूरला बघायला आली, तेव्हा सामंतांनी स्वतः प्रात्यक्षिक दिलं. आधी पिवळं, पाच मिनिटं थांबायचं, मग लाल, आम्ही हे मोजून काढलंय, असं ते म्हणाले.

“दहा,” सहदेव मागून म्हणाला.

“दहा मिनिटं,” सामंत म्हणाले.

पाहुणे चहाला गेले. सहदेव वासरापाशी थांबला, कारण अर्ध्या तासाची नोंद व्हायची होती. काळं-पांढरं, अठरा दिवसांचं वासरू होतं. त्याने दोनदा कान हलवला, चाऱ्यात तोंड घालून बघितलं, पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि पोटाशी मान घेऊन डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याचं पोट वर-खाली होत होतं.

सहदेव फॉर्म घेऊन डॉक्टरबाईंकडे गेला. “बाई, वासरू झोपलं. हे कुठे लिहायचं? याला रकानाच नाही.”

डॉक्टरबाईंनी फॉर्म घेतला, वरून खाली बघितला. मग त्यांनी नवा रकाना आखायला गोठ्याच्या ऑफिसातून पट्टी मागवली आणि ती येईपर्यंत दोघं दारात उभं राहून त्या वासराकडे बघत राहिले.